डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांसाठी निवासी केंद्र कसं पारखावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिमेन्शिया असलेल्या माणसाला दिवसभरात आपल्याला काय त्रास झाला हे संध्याकाळी फोनवर सांगता येत नाही. साधा वृद्धाश्रम निवडणं आणि असं केंद्र निवडणं यांतला फरक इथूनच सुरू होतो. इथली तक्रार कानावर येत नाही, ती आपल्याला डोळ्यांनी शोधावी लागते.

घरी आता निभत नाही, हे कसं ओळखायचं?

विसराळूपणा किती वाढला यावरून ठरवू नका. रात्र कशी जाते, उठवायला-बसवायला किती माणसं लागतात आणि एकटं सोडता येतं का, हे तीन प्रश्न विचारा. रात्री तीन-चार वेळा उठणं आठवडेच्या आठवडे चालू आहे, शौचालयापर्यंत नेताना दोन माणसं लागतात, घराबाहेर निघून जाण्याचे प्रकार होतात, किंवा काळजी घेणाऱ्याचीच तब्येत ढासळली आहे, असं असेल तर केंद्रं बघायला सुरुवात करावी. उद्याच ठेवायचं नसलं तरी. इस्पितळातून सुट्टी मिळताना दोन दिवसांत केलेली निवड बहुतेक वेळा चुकते, कारण तेव्हा फक्त ‘जागा आहे का’ एवढंच विचारलं जातं.

एक सावधगिरी. बिघाड अचानक, म्हणजे तासा-दिवसांत झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध यांमुळे येणाऱ्या भ्रमाला डिलिरियम म्हणतात. कारणावर उपचार झाले की तो बराचसा ओसरू शकतो. त्या आठवड्यात कायमचा निर्णय घेऊ नये.

प्रत्यक्ष भेटीआधी फोनवर काय विचारावं?

‘डिमेन्शियाचे रुग्ण घेता का?’ या प्रश्नाला सगळीकडे ‘हो’ मिळतं. त्याऐवजी विचारा: सध्या असे किती जण राहतात? रात्री किती माणसं *जागी* असतात? पूर्ण अंथरुणाला खिळल्यावरही ठेवता का? आणि गेल्या वर्षभरात किती जणांना घरी न्यायला सांगितलं, कशामुळे?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा. ‘फार आरडाओरडा करायचे म्हणून’ असं उत्तर आलं तर त्या केंद्राची मर्यादा तुम्हाला फोनवरच कळली. तुमच्या भागात केंद्रांची नोंदणी आणि सरकारी तपासणी होत असेल तर अहवाल मागवा. त्यातली एकेक चूक महत्त्वाची नसते. तीच चूक दुसऱ्या तपासणीतही दिसते का, ते बघा.

भेटीला कधी जावं?

किमान तीन वेळा. पहिल्यांदा वेळ ठरवून, दुसऱ्यांदा जेवणाच्या वेळी, तिसऱ्यांदा न कळवता संध्याकाळी ४ ते ७ च्या दरम्यान. डिमेन्शियात अस्वस्थता बऱ्याचदा दिवस कलताना वाढते आणि अनेक ठिकाणी पाळीही त्याच सुमारास बदलते. एक गट निघायच्या घाईत, दुसरा अजून रुळलेला नाही, आणि राहणारे ‘घरी जायचंय’ म्हणून दाराशी. केंद्राची खरी परीक्षा या वेळेत होते. जमलं तर यांतली एक भेट सुट्टीच्या दिवशी ठेवा.

न कळवता गेल्यावर पंधरा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं तर ते रास्त आहे, कुणाची अंघोळ किंवा कपडे बदलणं चालू असू शकतं. पण ‘आमच्याकडे वेळ घेतल्याशिवाय नाहीच’ असं म्हणणारी जागा यादीतून काढलेली बरी. नातेवाइकांच्या भेटीचे तासही तिथे असेच मोजूनमापून दिलेले असतात.

आत गेल्यावर पाहायचं काय? सगळं चकाचकच दिसतं.

चकाचक काय आहे ते सोडा. दिवाणखान्यात बसलेल्यांपैकी सर्वांत गप्प माणूस निवडा आणि वीस मिनिटं नुसतं तिकडे लक्ष ठेवा. तेवढ्यात किती वेळा कुणी जवळ येऊन बोललं? काम म्हणून नव्हे, सहज. मागून येऊन व्हीलचेअर न सांगता ढकलली, की समोर येऊन, वाकून, नाव घेऊन ‘आपण जेवायला जाऊया’ म्हटलं? दोन मदतनीस माणसाच्या डोक्यावरून आपसात बोलत त्याला भरवतात का?

मग अंगावरचे बारीक तपशील: नखं, चष्म्याची काच, दातांची कवळी तोंडात आहे की डबीत, कानातलं यंत्र चालू आहे का, बटणं नीट लागलीत का, पायात घट्ट बसणारी पादत्राणं आहेत की नुसते मोजे. बंद पडलेलं श्रवणयंत्र कानात तसंच असेल तर त्या माणसाला दिवसभर कुणी काही विचारलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

वास आला तर?

एका कोपऱ्यात, सकाळच्या वेळी, थोडा वास आला तर त्यावरून काही ठरवू नका. सगळीकडे आणि दुपारीही येत असेल तर गाद्या-खुर्च्यांत लघवी मुरली आहे. आणि उग्र सुगंधी फवारा दरवळत असेल तर आणखी सावध व्हा.

किती जणांमागे किती मदतनीस असावेत?

‘पाचास एक’ अशा आकड्याने फसू नका. त्यात स्वयंपाकी, सफाईवाले, चालक आणि कार्यालयातले लोकही मोजलेले असतात. ‘आत्ता, या पाळीत, हाताने काळजी घेणारे किती?’ एवढंच विचारा आणि स्वतः हिशेब करा.

समजा २४ जण राहतात. त्यांपैकी १० जणांना अंघोळ, कपडे, शौच सगळ्याला मदत लागते, प्रत्येकी ४५ मिनिटं. उरलेल्या १४ जणांना प्रत्येकी १५ मिनिटं. एकूण काम ६६० मिनिटांचं. चार मदतनीस असतील तर प्रत्येकी पावणेतीन तास. साडेसहाला सुरुवात केली तर शेवटच्या माणसाची पाळी सव्वानऊला संपते. एक जण गैरहजर असला की तीच वेळ सवादहा वाजत आणते. मध्ये कुणी पडलं नाही, कुणाला उचलायला दोघे लागले नाहीत, हे गृहीत धरून. म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? अंघोळी आठवड्यातून दोनवर येतात, चालू शकणाऱ्यालाही वेळ वाचावा म्हणून व्हीलचेअरवर बसवतात, आणि शौचालयात नेण्याऐवजी डायपर लावतात. यात कुणी दुष्ट नसतं, मिनिटं पुरत नाहीत. म्हणून ‘कुणी न सांगता रजेवर गेलं तर काय करता?’ हा प्रश्न विचाराच.

मदतनिसांपैकी किती जण वर्षाहून जास्त काळ इथेच आहेत, हेही विचारा. बोलता न येणाऱ्या माणसाचं ‘नेहमीचं’ वागणं ओळखणारं कुणी टिकून असलं तरच त्यातला बदल लक्षात येतो.

‘आमचा स्टाफ प्रशिक्षित आहे’ हे कसं पडताळायचं?

व्यवस्थापकांना नाही, मदतनिसाला विचारा, आणि तेही प्रमाणपत्राबद्दल नाही. ‘ऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, मला आईकडे जायचंय, तर तुम्ही काय म्हणता?’ आई कधीच वारली हे सांगणारा मदतनीस आजींना रोज नव्याने सुतकात बसवतो. ‘आईची आठवण येतेय का? कशा होत्या हो?’ असं म्हणत त्यांच्याबरोबर चार पावलं चालणाऱ्याला काम कळलेलं आहे. दुसरा प्रश्न: ‘अंघोळ नको म्हणाले तर?’ चांगलं उत्तर असं: थांबतो, अर्ध्या तासाने परत जातो, दुसऱ्याला पाठवतो, नाहीच तर आज अंग पुसून घेतो. ‘दोघं मिळून घालतोच’ हे उत्तर ऐकलं की पुढचं केंद्र बघा.

इमारतीत काय तपासायचं?

चकचकीत फरशी ओली वाटते, म्हणून माणूस पाऊल टाकत नाही. गडद रंगाचं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, त्याला वळसा घालताना तोल जातो. एकाच रंगाची, न चमकणारी, न घसरणारी जमीन उत्तम.

शौचालय पलंगावरून दिसतं का? दिसलं तर लागल्याची जाणीव झाल्यावर पाय तिकडे वळतात. दार वेगळ्या रंगाचं आणि त्यावर शब्दाबरोबर चित्र हवं. पांढऱ्या भिंतीजवळ पांढरं भांडं आणि पांढरी बैठक असेल तर कुठे बसायचं हेच कळत नाही, बैठक गडद रंगाची हवी. हाताला धरायचे दांडे भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचे हवेत, आणि स्वतः धरून हलवून पाहा. अंघोळीच्या नळाचं पाणी ४३-४४ अंश सेल्सिअसच्या वर जायला नको. तापमान मोजून नोंदवतात का, ते विचारा. रात्री पलंग ते शौचालय मंद दिवा असतो का? आरशातला माणूस परका वाटून घाबरणाऱ्यांसाठी आरसा झाकायची सोय आहे का? आणि दूरदर्शन संच दिवसभर मोठ्याने चालू असेल तर ती करमणूक नव्हे, गोंगाट आहे.

दारांना कुलूप असणं चांगलं की वाईट?

बाहेरच्या दाराला आकड्यांचं कुलूप असणं समजण्यासारखं आहे. प्रश्न आत काय आहे हा. फेऱ्या मारायला मोकळा, गोल फिरून परत आणणारा रस्ता आणि कुंपण घातलेली बाग असेल, आणि बागेचं दार दिवसा खरोखर उघडं असेल, तर कुलूप त्रासदायक होत नाही. बागेच्या दाराची कडी गंजलेली असेल तर बाग फक्त छायाचित्रात वापरतात. आगीचा गजर झाल्यावर कुलूप आपोआप उघडतं का, न उघडल्यास किल्ली कुणाकडे, आणि रात्रीच्या माणसांसह सराव शेवटचा कधी झाला, हेही विचारून घ्या.

जेवणाच्या वेळी काय बघायचं?

पदार्थ नाही, वेग बघा. भरवणारा बसून भरवतो की उभ्याने? एका वेळी एकालाच की तिघांना आळीपाळीने? आधीचा घास गिळेपर्यंत थांबतो का? ताट उचलताना ते अर्धं भरलेलं असेल तर कुणी लिहून ठेवतं का?

गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी अन्नाचा मऊपणा आणि पेयांचा दाटपणा ठरवायची आंतरराष्ट्रीय पातळी ० ते ७ अशी आहे. स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या नावापुढे त्याची पातळी लिहिलेली हवी. ‘सगळं मिक्सरमधून काढतो’ हे उत्तर पुरेसं नाही. ज्याला चावता येतं त्याचंही जेवण लगदा होतं आणि तो खायचं सोडतो. चमचा हातात टिकत नसेल तर हाताने उचलून खाण्याजोगे तुकडे देतात का? जेवताना पाठ ताठ आणि नंतर अर्धा तास तरी बसतं ठेवायला हवं. आडवं करून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

वजनाचं रजिस्टर मागा, दर महिन्याची नोंद हवी. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं तर ती धोक्याची खूण. ६० किलोच्या माणसाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे फक्त ३ किलो, डोळ्याला ते दिसतही नाही. पाण्याचंही तसंच. हृदय-मूत्रपिंडाचं पथ्य नसेल तर ज्येष्ठ स्त्रियांना दिवसाला साधारण १.६ लीटर आणि पुरुषांना २ लीटर पेयं लागतात. भरलेला पेला टेबलावर ठेवून जाणं म्हणजे पाणी देणं नव्हे. पेला हातात द्यावा लागतो.

औषधांबाबत काय विचारावं?

प्रत्येकाचा औषधतक्ता आहे का आणि गोळी दिल्यावर *त्याच क्षणी* सही होते का? दुपारी गेल्यावर रात्रीच्याही सह्या झालेल्या दिसल्या तर निर्णय तिथेच झाला. गोळ्या सरसकट कुटून देतात का? संथपणे विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. पार्किन्सनची औषधं असतील तर ती ठरलेल्या वेळेलाच द्यावी लागतात, अर्ध्या तासाच्या उशिरानेही अंग आखडू शकतं. सर्दीच्या, झोपेच्या आणि लघवी धरून ठेवण्याच्या काही औषधांनी गोंधळ वाढतो, म्हणून ‘वरवरची’ गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

‘फार त्रास देतात, शांत राहायची गोळी सुरू करू’ असं म्हणाले तर?

लगेच हो म्हणू नका. अशा बहुतेक गोळ्या अँटिसायकोटिक गटातल्या, म्हणजे मुळात भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजारांसाठीच्या असतात. डिमेन्शिया असलेल्या ज्येष्ठांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये या गटातल्या नव्या औषधांसाठी दिला आणि २००८ मध्ये जुन्या औषधांनाही लागू केला. सुमारे दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ४.५ टक्के, तर नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के लोक दगावले होते. लुई बॉडी डिमेन्शिया असेल तर या औषधांनी अंग ताठरणं, शुद्ध हरपणं इतपत गंभीर परिणाम होऊ शकतात. निदान त्या प्रकारचं असेल तर केंद्राच्या फायलीवर पहिल्याच पानावर ते मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

कधीकधी ही औषधं लागतात, हेही खरं. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल किंवा भासांनी भयंकर हादरत असेल तेव्हा. पण त्याआधी वेदना, बद्धकोष्ठता, संसर्ग, भूक, भीती, थंडी ही कारणं तपासलेली हवीत, डोस कमीत कमी हवा आणि निदान दर सहा आठवड्यांनी ‘अजून लागतं का’ हे डॉक्टरांनी पाहायला हवं. केंद्राला थेट विचारा: सध्या किती जणांना ही औषधं चालू आहेत आणि गेल्या वर्षात किती जणांची बंद केली? बंद केल्याचा एकही दाखला नसेल तर पुनर्विचार कागदावरच होतो.

बांधून ठेवत नाहीत ना, हे कसं कळणार?

दोरी कुठेच दिसणार नाही. खुर्चीला अडकवलेलं टेबल, उठता येऊ नये इतकी खोल आरामखुर्ची, व्हीलचेअरचा पट्टा, गादीखाली घट्ट खोचलेली चादर, हाताला मोजे, बाजूला नेऊन ठेवलेला वॉकर: हे सगळं बांधणंच आहे. पलंगाचे उंच कठडे सुरक्षित वाटतात, पण गोंधळलेला माणूस ते ओलांडायला जातो आणि जास्त उंचावरून पडतो, किंवा कठडा आणि गादीच्या फटीत अडकतो. जमिनीलगत येणारा पलंग आणि बाजूला जाड गादी हा चांगला पर्याय.

‘आमच्याकडे कुणी पडत नाही’ असं सांगितलं. चांगलंच ना?

नाही. डिमेन्शिया असलेली, चालती माणसं जिथे राहतात तिथे कुणी ना कुणी पडतंच. अजिबात पडत नसतील तर एक तर चालू देत नाहीत, नाहीतर लिहून ठेवत नाहीत. पडल्याची नोंदवही मागा (नावं झाकून दाखवू शकतात) आणि दोन नोंदींमध्ये पुढचा रकाना बघा: पडल्यानंतर काय बदललं? ‘लक्ष ठेवायला सांगितलं’ एवढंच असेल तर काहीच बदललेलं नाही. चष्मा तपासला, रक्तदाब उभ्याने मोजला, पहाटे पाचला शौचालयात न्यायचं ठरवलं, अशा नोंदी हव्यात.

दुखतंय हे सांगता येत नाही, त्यांना कसं कळणार?

‘दुखत असलं तर सांगतात की’ असं म्हणणाऱ्या केंद्राला कळणार नाही. पेनॅड नावाची एक सोपी पट्टी आहे. श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १० पैकी. ती किंवा तशी दुसरी पट्टी वापरतात का, विचारा. अंथरुणावरच्यांची कूस किती तासांनी बदलतात याचा तक्ता आणि पडून राहिल्याने जखम होतेय का म्हणून माकडहाड-टाचा रोज बघतात का, हेही याच ओघात विचारून घ्या.

स्वतंत्र खोली घ्यावी का?

आवाजाने बिथरणाऱ्याला, रात्री फिरणाऱ्याला हवीच. एकटं राहून घाबरणाऱ्याला दोघांची खोली जास्त मानवते. दोघांची घेतली तर मध्ये पडदा आहे का, तेवढं बघा.

कॅमेरे असले की निर्धास्त राहता येतं का?

कॅमेऱ्यात पडलेला माणूस दिसतो, पण पडदा कुणी बघत नसेल तर तो उचलला जात नाही. अंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या जागी कॅमेरा असेल तर ते गैरच.

करारात कुठे लक्ष द्यावं?

‘सर्व समाविष्ट’ या शब्दांखाली डायपर, औषधं, डॉक्टरांची भेट, इस्पितळात नेणं, सोबतीचा माणूस येतो का, हे एकेक करून लेखी घ्या. काळजीची पातळी वाढली की शुल्क वाढतं, पण पातळी कोण ठरवतं आणि तुम्हाला किती दिवस आधी कळवतं? इस्पितळात असताना जागा राखण्याचे पैसे किती? अनामत रक्कम किती दिवसांत परत? सर्वांत महत्त्वाचं कलम सोडून जायला सांगण्याचं. ‘इतरांना त्रास होत असल्यास तत्काळ’ असं लिहिलं असेल तर ते बदलून आधी डॉक्टरी तपासणी आणि मग ठरावीक दिवसांची सूचना असं करून घ्या. डिमेन्शियात इतरांना त्रास होणारे दिवस येणारच आहेत.

त्यांना भेटीला सोबत न्यावं का?

आधी तुम्ही निवड दोन जागांवर आणा, मग न्या. सकाळी, तासाभरासाठी, तिथल्या एखाद्या उपक्रमाच्या वेळी. चार जागा फिरवल्या तर त्यांच्या मनात फक्त थकवा आणि भीती उरते. सुरुवातीच्या अवस्थेत असतील तर मात्र त्यांचं मत खरोखर विचारायला हवं. खिडकी कुठल्या बाजूला, खोलीत स्वतःची कोणती खुर्ची, एवढं जरी त्यांनी ठरवलं तरी पुढे फरक पडतो. जमल्यास आधी एक-दोन आठवडे तात्पुरतं ठेवून पाहा.

ठेवताना सोबत काय द्यावं?

एका पानावर माणूस लिहून द्या. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, काय काम करायचे, किती वाजता उठायची सवय, अंघोळ सकाळी की रात्री, कशाने भडकतात, कशाने निवतात, लघवी लागली की काय करतात (कुणी उठून फिरतं, कुणी कपडे ओढतं). हे पान भिंतीवर नव्हे, कपाटाच्या दाराच्या आत लावा. चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्र यांवर नाव घाला, आणि चष्म्याची एक जादा जोडी द्या. पहिल्या महिन्यात कवळी हमखास हरवते.

पहिल्या महिन्यात काय अपेक्षित आहे?

झोप बिघडणं, ‘घरी ने’ म्हणून रडणं, एखाद-दोन किलो वजन कमी होणं. रुळायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. ‘पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका’ असा सरसकट नियम आम्हाला पटत नाही. भेट छोटी ठेवा, जेवणाच्या आधी या, म्हणजे निघताना ते जेवणाकडे वळतात.

शेवटपर्यंत तिथेच ठेवतात का?

हे आताच विचारा, अवघड वाटलं तरी. खाणं-गिळणं थांबत आलं तर इस्पितळात हलवतात की तिथेच वेदनाशमन आणि तोंडाची काळजी देतात? रात्री डॉक्टर फोनवर तरी मिळतात का? कुटुंबाला रात्रभर बसू देतात का?

दुसरीकडे हलवायची वेळ आली हे कशावरून समजावं?

स्पष्टीकरण नसलेले वण, विशेषतः दंडाच्या आतल्या बाजूला किंवा मनगटाभोवती. अंगावर फोड-जखमा, आणि तुम्हाला त्या कळवलेल्या नाहीत. एकाच मदतनिसाला पाहून आक्रसणं. अचानक दिवसभर झोप, आणि औषधांचा तक्ता दाखवायला टाळाटाळ. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी छायाचित्र घ्या, तारीख-वेळ लिहा, केंद्राला लेखी विचारा आणि बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. उरलेल्या तक्रारी, म्हणजे कपडे बदलणं, चष्मा हरवणं, उशिरा जेवण, या आधी पाळीच्या प्रमुखांशी बोलून सोडवायच्या असतात. हलवण्याचाही त्या माणसावर ताण येतोच, म्हणून नवी जागा याच यादीने तपासल्याशिवाय जुनी सोडू नका. फक्त इजा झाल्याचा संशय असेल तर मात्र थांबायचं नाही. त्या रात्री घरी आणा, जागा नंतर शोधा.